ते पाऊल कोणाचं?

विमल गेल्याची बातमी मला उमरनं फोनवर दिली. "आंटी, अम्मा उठ नहीं रहे," एवढंच म्हणाला. उमर म्हणजे विमलच्या गौलीगुड्यातल्या घराचा वरचा भाडेकरू, सुदानहून शिकायला आलेला. मुलांनो, तुम्हाला विमलमावशी आठवते ती तुमचे लाड करणारी. मला आठवते ती माझ्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारी, नांदेडकडच्या बौद्ध घरातून एकटी इथे आलेली. नोकरीच्या सुरुवातीला तिच्यासाठी खोली शोधत आम्ही दोघी सुलतान बाजार पालथा घातला होता. खोली रिकामी असायची, आडनाव विचारलं जायचं, आणि मग घरमालकाचा भाऊ अचानक गावाहून राहायला येणार असायचा. "या शहरात भाऊ फार गं," ती हसून म्हणायची. पुढे स्वतःचं घर झालं तेव्हा तिनं नियमच केला, भाडेकरूला होकार फोनवरच द्यायचा, नाव-गाव न विचारता.

असाच होकार मिळालेला उंच, काळा उमर दारात उभा राहिला आणि विमल पाऊलभर मागे सरली. त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन ती म्हणाली,

"मनात काही नव्हतं गं. पाऊलच गेलं मागे… मग ते पाऊल कोणाचं?"

"दचकलीस, त्यात तुझा काय दोष?" मी म्हटलं.

"दोष नसेलही. पण निस्तरायचं कुणी? त्या घरमालकांच्याही मनात कदाचित काही नसेल."

दुसऱ्या दिवसापासून, गुडघे दुखत असतानाही, ती रोज संध्याकाळी जिना चढून त्याचं दार वाजवू लागली. कधी भाजी घेऊन, कधी रिकाम्या हातानं. "मनाला सांगून झालं, आता पावलाला शिकवते," म्हणायची. बऱ्याच महिन्यांनी तिनं त्याला विचारलंच, तेव्हा माझं पाऊल मागे गेलेलं दिसलं होतं का? "दिखा अम्मा," तो म्हणाला. "दूसरे दिन आप ऊपर आए, वो भी दिखा."

ती गेल्यावर गल्लीतल्यांनी तिच्या मुलीला, सुजाताला, सल्ला दिला की घराला कुलूप लाव, वरच्याला आधी काढ. सुजाता सिकंदराबादला राहते, तिला रोज येणं जमणारं नाही. उमरनं सामान बांधायला घेतलं होतं. मी जिन्याखाली थांबले, सुजाता वर गेली. दार वाजल्याचं ऐकू आलं, मग तिचा आवाज. "नीचे की चाबी भी तुम्हारे पासिच रखो. नक्को बोलो मत."

परवा गेले तेव्हा खालचं दार उमरनंच उघडलं. "या, बसा," म्हणाला. विमलनं त्याला शिकवलेलं मराठी एवढंच. मी आत जाऊन बसले.