बस्ता मोडला त्या दिवशी

धंदा कुठं शिकलात, असं मला समारंभांत विचारतात. मार खाता खाता शिकले, असं मी सांगते. मग सगळे हसतात, कारण बाई विनोदी आहे अशी माझी ख्याती आहे. मी अजिबात विनोदी नाही.

गुलमंडीवर आमचं कापडाचं मोठं दुकान होतं. पोलीस ॲक्शननंतर वडील, म्हणजे आमचे अण्णा, देवगाव रंगारीहून पाठीवर कापडाचा गठ्ठा घेऊन शहरात आले. पुढं अशी भरभराट झाली की लग्नाच्या बस्त्यासाठी अख्ख्या तालुक्याला आमच्याशिवाय दुसरं दुकान सुचेना. घरात मोटार आली, फ्रिज आला. मारझोड मात्र आधीपासून होती, ती तशीच राहिली. अण्णांचा हात आईवर पडायचा, आईचा आमच्यावर, आणि माझा थोरला भाऊ दुकानातल्या गड्यांना आणि मला सारखंच बडवायचा. मीठ कमी पडलं म्हणून भिंतीवर आपटलेल्या आमटीचे डाग रंग दिला तरी वर यायचे. श्रीमंतांचं घर म्हणून शेजाऱ्यांना काही ऐकू यायचं नाही.

कॉलेज संपलं तेव्हा बायकांना साड्या दाखवायला बाईमाणूस असलेलं बरं, म्हणून अण्णांनी मला दुकानात यायची परवानगी दिली. सोयरीक जुळेपर्यंत, असं बजावून. मला ते काम इतकं आवडलं की सोयरीक जुळूच नये असं वाटायला लागलं. बस्त्याला दोन्हीकडची मंडळी गाद्यांवर समोरासमोर बसतात. नवरीला काय आवडलं हे सगळे विचारतात आणि तिचं कुणीच ऐकत नाही. माझ्या लवकरच लक्षात आलं की बस्त्याचा खरा निकाल कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेल्या आत्याच्या हातात असतो. पहिली साडी तिच्या खांद्यावर टाकायची. ती हसली की दोन्ही घरं सैल होतात. माझा बस्ता जेवणाआधी बांधून व्हायचा, भावाचा दिवेलागणीपर्यंत रेंगाळायचा. गावाकडची माणसं पायरीवरूनच विचारायला लागली, "ताई हाय का?"

मला ते दुकान हवं होतं, आणि कायमचं हवं होतं. जेवताना एकदा मी हे बोलून दाखवलं, तर भावानं हातातला पितळी पेला फेकून मारला. कपाळावर खूण आहे अजून. अण्णा जेवत राहिले.

एका सकाळी कन्नडकडचं एक मोठं घराणं बस्त्याला आलं. भाऊ पुढं झाला, पण नवरीचा बाप म्हणाला, "सेठ, आमाला ताईलाच दाखवू द्या." भावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी शालू उलगडला आणि रुसलेल्या आत्याच्या खांद्यावर टाकला. ती हसणार तेवढ्यात भाऊ मागून म्हणाला, "ऊठ तिथून."

"एवढा शालू दाखवते आणि उठते," मी म्हणाले.

त्यानं वेणी धरून मला गादीवरून फरशीवर ओढलं आणि पाठीत लाथ घातली. मी उठले, पदर सावरला आणि पुन्हा गादीवर जाऊन बसले. तेव्हा त्यानं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. पहिला तडाखा दंडावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. कातडी फाटून रक्त शालूवर सांडलं. समोर गल्ल्यावर अण्णा चहा पीत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बशीत फुंकर घातली.

नवरीचा बाप उभा राहिला. "पोरीच्या अंगावर हात टाकतो आन् नवरीच्या शालूवर रगत सांडतो? ह्याच्या हातचा धागा बी नको. उठा रं समदे." दोन्ही घरं उठली. दारात चपलांची शोधाशोध सुरू झाली.

आता अण्णांनी बशी खाली ठेवली. भावाच्या हातातून गज हिसकला आणि त्याला जनावरासारखं झोडपलं. तो खाली पडला तरी थांबले नाहीत. त्याचा गुडघा माझ्या डोळ्यांदेखत फुटला. मग अण्णा अनवाणी रस्त्यावर धावले आणि भर बाजारात त्या माणसांपुढं हात जोडून उभे राहिले. नवरीच्या बापानं एकच अट घातली, बस्ता ताईनंच बांधायचा. अण्णा व्हय म्हणाले.

आत्यानं माझं मनगट खणानं आवळून बांधलं. गडी भावाला दवाखान्यात नेत होते, तो गुरासारखा ओरडत होता, आणि मी डाव्या हातानं दुसरा शालू उलगडत होते. मला त्याची दया आली नाही. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. शेवटचा टॉवेल बांधून दिला, मगच हाड बसवायला गेले.

भाऊ लंगडाच राहिला आणि गावी शेतीवर गेला. गादी मला मिळाली. बापानं लेकीसाठी पोटच्या पोराचा पाय मोडला, असं लोक गुलमंडीवर सांगू लागले. मीही तेच मनाशी धरलं. त्या जोरावर छावणीत दुसरं दुकान काढलं, मुकुंदवाडीला तिसरं. सोयरिका परतवून लावल्या. वाकड्या मनगटानं सह्या करताना वाटायचं, उशिरा का होईना, बाप माझ्यासाठी उठला होता.

अण्णा थकल्यावर त्यांना फिरवायला मी मोटारीनं न्यायची. एका संध्याकाळी सहज विचारलं, "अण्णा, ती मंडळी उठून गेली नसती, तर?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर काय? अजून दोन-चार खाल्ले असते तू, आन् बसली असती घरी गप." मग आठवणीनं त्यांचा चेहरा खुलला. "गिऱ्हाईक लई मोठं होतं गं ते."

मी मोटार वळवली. त्यांना घरी सोडलं, हात धरून पायऱ्या चढवल्या, आणि तशीच गुलमंडीवर गेले. गड्यांना शिडी आणायला सांगितली आणि दुकानावरची त्यांच्या नावाची पाटी उतरवली. तिथं आता माझं नाव आहे. अण्णा तेव्हा जिवंत होते.