पहिल्या बेसच्या पुढे

सकाळचा सराव आटोपून दुपारी कूलरसमोर आडवी होते. घामेजलेला निळा टी-शर्ट बदलायचंही त्राण नाही. संध्याकाळी प्राचार्यांना सांगायचं आहे: निवृत्तीनंतर आणखी एक वर्ष पोरींना सॉफ्टबॉल शिकवणार की नाही. गुडघे केव्हाचे नाही म्हणतायत, जीभ तेवढी वळत नाही. कूलरची घरघर लांब जाते. मैदानावर रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीचा वास येतो.

भुयार सर वाकून रेषा मारतायत. आमच्या कॉलेजात सॉफ्टबॉल आणला तो यांनी, आणि जन्मभर तेवढंच केलं. निवृत्त झाल्यावरही रोज मैदानावर यायचे. एका हिवाळ्यात तिथेच खाली बसले ते उठलेच नाहीत. ते मेलेत हे मला ठाऊक आहे, पण तोंडावर विचारणं बरं दिसत नाही.

"काऊन वं प्रभा, थकली?"

"थकले सर. फार थकले."

"मंग पळून दाखव."

हातात बॅट आहे. चेंडू लागतो, मी पळते. पहिला बेस, पळत गाठायची ती चौकोनी गादी, प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे, टेबलाच्या पायाशी. मी त्यावर दोन्ही पाय रोवून गच्च थांबते.

ही माझी जुनी खोड. मी खो-खोतून आलेली, खांब दिसला की धरायचा एवढंच अंगात भिनलेलं. इथे मात्र पहिला बेस शिवून सरळ पुढे सुटायचं असतं, पुढे गेलेल्याला कोणी बाद करत नाही. जी पोरगी अशी सुसाट जायची तिच्या पाठीवर सर फक्कीने माखलेला पंजा हाणायचे. पोरी तो टी-शर्ट कितीतरी दिवस धुवायच्या नाहीत. माझ्या पाठीवर तो पंजा कधी उमटला नाही.

"थांबली ना पुन्हा!" सर म्हणतात. ते बशीत चहा ओततायत. केबिन आता बसस्टँडचं कँटीन झालं आहे, हरून परतताना आम्ही बसायचो ते. बशी धरलेली त्यांची करंगळी वाकडीच आहे. ग्लोव्हज नव्हते तेव्हा उघड्या हाताने झेल घेऊन मोडलेली.

"मी सोडलं तर टीमचं काय होईल, सर?"

"अर्चना हाय ना."

अर्चना माझी जुनी पिचर, चेंडू टाकायची; आता माझ्या हाताखाली शिकवते.

"तिला साधी रेषा सरळ मारता येत नाही."

"तू मारू देल्ली कधी?"

मला संताप येतो. "तुम्ही तरी मला कुठे दिला होता फक्कीचा डबा? तुम्ही गेल्यावर घेतला मी!"

सर बशी खाली ठेवतात. "चुकलंच माह्यं. तुले म्हनत होतो पुढं पळ, अन् मीच बेस धरून बसलो."

मला रडू फुटतं. किती वर्षांचं साठलेलं कोण जाणे. सर डबा माझ्यापुढे करतात आणि मी हात लावणार तोच मागे घेतात.

"हा तुहा नाई. अर्चनाले दे."

"आणि मी?"

"तू पळ ना बाप्पा! बेस त कवाचाच शिवला तू."

मी पळते. पायाखाली बेस लागतो, मागे पडतो. पुढे नुसतं गवत आहे, आणि गुडघे दुखत नाहीत. पाठीवर सणसणीत थाप बसते.

त्या थापेनेच जाग येते. कूलरमधलं पाणी संपलंय. दारात हे चहा घेऊन उभे.

"कॉलेजात जायचं ना तुला? अन् पाठीवर काय फासून घेतलंस?"

मी टी-शर्ट काढून उजेडात धरते. निळ्या कापडावर पांढरा, पुरा पंजा. करंगळी वाकडी.

"आण इकडे, मशीनमध्ये टाकतो," हे हात पुढे करतात.

"नको," मी म्हणते. "हा इतक्यात धुवायचा नाही. आधी अर्चनाला फोन लावून द्या."