पास झालेला चाकू

अण्णा गेल्याचा फोन त्यांच्या बायकोने, अक्कांनी स्वतः केला. मी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर बसमध्ये उभी होते आणि माझा हात आपोआप पर्समधल्या चाकूवर गेला. अण्णांच्या हाताखाली मी केलेला घडीचा चाकू, सहा वर्षं जवळ बाळगलेला. तेव्हा मला मनापासून रडू आलं. आता सव्वा महिन्याने लिहायला बसलेय, तर रडण्यापेक्षा रागच जास्त येतोय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण गोडगोड बोललेलं अण्णांनाच खपायचं नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होते.

अण्णा कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. येलहंक्यातल्या घराच्या मागच्या पडवीत व्हाइस, कानशी, छोटी भट्टी आणि दर रविवारी शिकायला येणारे आम्ही पाच-सहा जण. मी नागपूरची, ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, आणि पडवीत एकटीच मुलगी. चाकूचं पातं सगळ्यांना दिसतं, पण अण्णांचा जीव मुठीत दडलेल्या स्प्रिंगवर. पातं उघडताना-मिटताना जो 'टक्' आवाज येतो, तो तिचा. पोलाद लाल करून तेलात बुडवायचं, मग तापल्या वाळूवर ठेवून ते पिवळं, तांबूस, जांभळं होत निळं होईपर्यंत वाट बघायची. पिवळ्यावरच उचललं तर स्प्रिंग कडक होते, पण ठिसूळ राहते. "स्वल्प थांबा रे, निळं येऊ द्या," हे त्यांचं कानडीमिश्रित पालुपद. आणि रिवाज असा, की प्रत्येकाची पहिली स्प्रिंग ते त्याच्या डोळ्यांदेखत व्हाइसमध्ये धरून वाकवत. बहुतेकांची मोडेच. तुकड्यांना नावाची चिठ्ठी बांधून ते खिडकीतल्या ट्रेमध्ये टाकत आणि म्हणत, "आता दुसरी कर. खरं काम दुसरीपासून." एकदा पन्नाशीचे एक बँक मॅनेजर तोंड पाडून बसले होते, तरी गय केली नाही.

माझी स्प्रिंग मात्र त्यांनी वाकवली नाही. हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "ठेवून जा, पुढच्या रविवारी बघू." पुढच्या रविवारी शिसवी मुठीचा चाकू रिव्हेट ठोकून तयार होता. "सरी, ठीक आहे. पास झालीस." मी हवेतच होते. ऑफिसात 'छान केलंस हं' असं मुलगी म्हणून सांभाळून बोलणारे पुष्कळ होते. येलहंक्याच्या पडवीत मला कुणी सूट देत नाही, हे मी छाती ठोकून सांगायचे. पास झाले म्हणून दुसरा चाकू कधी केलाच नाही.

परवा अक्कांना आवरायला मदत करत होते. अण्णांच्या चष्म्याच्या घरात स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले. चिठ्ठीवर माझं नाव. पोलादावर अजून पिवळी झाक होती.

"हे काय, अक्का?"

अक्का गडबडल्या. "तू गेलीस आणि त्यांनी वाकवून बघितली, दोन मिनिटांत मोडली गं. मग आठवडाभर खपून त्यांनीच दुसरी केली. म्हणाले, पोरगी आहे, रडेल."

"आणि मॅनेजर रडले असते तर?"

"बिडु गं, जाऊ दे आता," अक्का म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

सहा वर्षं मी ज्याला त्याला ऐकवलेला तो 'टक्' अण्णांचा होता. स्प्रिंग सगळ्यांचीच मोडली, त्याचं मला काही नाही. पण बाकीच्यांना दुसरी संधी मिळाली आणि मला नुसती शाबासकी. फसवलंत हो अण्णा... रडले असते मी. नाक पुसून दुसरी केली असती.

चाकू मी अक्कांना देऊन टाकला. त्या त्याने बीन्स चिरतात, छान चालतो म्हणतात. चालणारच. माझे तुकडे मी ट्रेमध्ये, मॅनेजरांच्या तुकड्यांशेजारी ठेवलेत. पडवीची किल्ली अक्कांनी माझ्याकडे दिली आहे. येत्या रविवारी मी माझा पहिला चाकू करायला बसणार आहे. स्प्रिंग मोडलीच, तर निदान माझ्या डोळ्यांदेखत मोडेल.