नास्तिक साडू आणि शेजारच्या सिस्टर

जगातल्या सगळ्या देवांशी एकट्याने भांडण मांडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर, म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवणारे, होते. घरात देव्हारा नाही; त्या कोनाड्यात दाढीचं सामान. सत्यनारायणाचं बोलावणं आलं की हटकून जायचे, शिरा दोनदा मागून खायचे आणि 'शिरा खरा हाय, बाकी सोडा' असं यजमानाला तोंडावर सांगायचे. पण त्यांचा खास राग ख्रिस्ती लोकांवर. का, तर शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या ख्रिस्ती सिस्टर भाड्याने राहत, आणि वादात त्या कधी चिडतच नसत. रोज संध्याकाळी कुंपणापाशी जुंपायची. "स्वर्गाच्या लालचीनं केलेलं चांगुलपण कायचं चांगुलपण?" साडू विचारत. सिस्टर मेथी निवडत म्हणायच्या, "तुम्ही ओल्या कापसाले चांगला ग्रेड देत नाही, ते कोणाच्या भेवानं?"

"माह्या मनाच्या!"

"मग माझंही मनच समजा." यावर साडू तरातरा घरात येत आणि बायकोच्या भाजीत मीठ कमी असल्याची खोड काढत.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडं अळीनं पोखरलेली, भाव पडलेला, खेड्याखेड्यांतून नको त्या बातम्या. ज्या घरातला माणूस गेला तिथे सिस्टर सुटीच्या दिवशी जाऊन बायकांजवळ बसत, निघताना डोळे मिटून हात जोडत. तेवढ्यावरून बोभाटा झाला की ही बाई लोकांना बाटवते. एका दुपारी घरमालकाच्या अंगणात माणसं जमली. खोली आजच्या आज रिकामी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. सिस्टर दारात उभ्या होत्या, पदर मुठीत घट्ट धरून. त्या दिवशी मी साडूंकडेच होतो; गलका ऐकून आम्ही दोघं बाहेर आलो. तेवढ्यात एकानं साडूंना पुढे ओढलं. "याहिले इचारा! हे कोणत्याच देवाचे नाही, खोटं बोलणार नाही. काहो ग्रेडर साहेब, तुमीच म्हनत होते ना बाजारात, ख्रिस्ती सारे सारखेच, मतलबाशिवाय कोणाच्या दारी जात नाही?"

साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सिस्टरांची ट्रंक रस्त्यावर आली असती.

"म्हनत होतो," ते म्हणाले. "केंद्रावर मी हरेक बैलबंडीत खालपर्यंत हात घालून कापूस पाह्यतो. अन् इथं एकही बंडी न पाह्यता साऱ्या रांगेले ग्रेड देल्ला. तिथं असं केलं असतं तर तुमीच मले बदडलं असतं. आता सांगा, या बाईनं कोणाले बाटवलं? नाव सांगा!"

नावाऐवजी मागून एक शिवी आली, कुणीतरी त्यांच्या सदऱ्याला हात घातला, बटणं तुटली. तरी साडू त्या दारापुढून हलले नाहीत. शेवटी घरमालकच म्हणाला, "नाव सापडंल तवा पाहू," आणि माणसं पुटपुटत पांगली.

आभार राहिले बाजूला, सिस्टर पहिल्यांदाच चिडलेल्या दिसल्या. "तोंडावर भांडत होते, त्याचं मले काही नाही. पण माझ्यामागं बाजारातही हेच?"

"हो."

"मग तिथंही जाऊन सांगा."

पुढे कितीतरी दिवस साडू टपरीटपरीवर जाऊन, कुणी न विचारता, 'मी चुकलो' म्हणून सांगत फिरले. लोकांना वाटलं, ग्रेडर साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटला.

नंतर सिस्टरांची पुसदला बदली झाली. खोलीत आता एक तरुण मास्तर राहतो. तोही देव मानत नाही आणि साडूंच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. साडू कंटाळून आत निघून येतात. परवा मी म्हटलं, "पुसद काय लांब आहे? बसनं जाऊन भेटून या."

"जाऊन सांगू काय? देव नाही, हे तर तिले सांगून झालं."

"मग दुसरं काही बोला."

ते उठून कुंपणापर्यंत जाऊन आले. मग हळूच म्हणाले, "दुसरं मले बोलता कुठं येते?"