संकष्टीचा उपवास आणि विमानाचा परवाना

गणपती आपल्यावर रुसला की काय, या प्रश्नाने त्या वर्षी माझा पिच्छा पुरवला होता. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. धरणगावकडच्या कापूसवाल्या घरातला मी, मुंबईत विमान चालवायला शिकत होतो. वैमानिक व्हायचं तर जन्मभर निर्जळी संकष्टी धरीन, असा नवस आईने माझ्याकडून बोलून घेतला होता. उपवास कोणाला बोलून दाखवला की फळ जातं, ही आमच्या घरची समजूत. परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी नेमकी संकष्टीला आली. डॉक्टरांनी जागच्या जागी पळायला लावलं आणि मी धाडकन कोसळलो. कशाने झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी उपवासाचं नाव काढलं नाही.

"मोटारवाला भोवळ आली तर गाडी कडेला घेईल. तुम्ही कुठे घेणार? कारण कळेपर्यंत परवाना नाही," ते म्हणाले.

वाईट वाटलंच, पण त्याहून नवल वाटलं. हात तयार, नजर तीक्ष्ण, आणि सगळं अडावं एका भोवळीपाशी! ज्याच्यासाठी उपाशी राहिलो त्यानेच वाट का अडवावी? हे त्यालाच विचारावं म्हणून पुढच्या संकष्टीला मी एरंडोलहून पायी पद्मालयाच्या गणपतीला गेलो. देवळाच्या पायरीवर पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या एका अनोळखी म्हातारीने मला सावरलं.

"जेवना नही का रे भाऊ?" तिने विचारलं. त्या मायेने मी विरघळलो आणि नवसासकट सगळं सांगून बसलो.

"देवले बठ्ठं मालूम शे," ती म्हणाली, म्हणजे देवाला सगळं ठाऊक आहे. "डाक्टरले कसं मालूम पडी?" आणि तिने हातावर गूळ-खोबरं ठेवलं. मी ते खाल्लं. दर्शन घेऊन आलो तर ती निघून गेली होती. ती कोण, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

मुंबईला परतून डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी जेवून यायला लावलं, पुन्हा तपासलं. परवाना मिळाला, वर्षभर शेजारी दुसरा वैमानिक हवा, ही अट त्यावर होती, आणि उपाशीपोटी उडायचं नाही ही ताकीद वेगळी.

नवस मोडणार, हे मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. "तुना उपास मी धरस. तू जेवीसन उड."

उपाशी राहणं मला सोपं होतं. देवाने आणि आईने पुढ्यात ठेवलेलं मुकाट्याने खाणं फार जड गेलं. तेच शिकवल्याबद्दल मी गणपतीचा ऋणी आहे. आई होती तोवर दर संकष्टीला ती उपाशी राहिली, आणि मी पोटभर जेवून उडालो.