मंजुश्रीची तलवार

"ही तलवार झाकता येईल का वो?" वकीलसाहेबांनी विचारलं आणि मी हातातली पट्टी खाली ठेवली.

धारवाडला सुभाष रोडवर माझं फ्रेमचं दुकान आहे. गिऱ्हाईक काय वाट्टेल ते मागतं. पण देवाचं शस्त्र काढून घ्या म्हणणारं हे पहिलंच.

चित्र म्हणजे थांका, बौद्ध लोकांचं कापडावर रंगवलेलं देवाचं चित्र. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून आणलेलं. केशरी अंगाचा मंजुश्री, बुद्धीचा देव. उजव्या हातात डोक्यावर उगारलेली पेटती तलवार, डाव्या खांद्याशी कमळ, कमळावर पोथी. वकीलसाहेबांच्या मुलीचं नावही मंजुश्रीच. तिचं लग्न हुबळीत ठरलेलं. साखरपुड्याला तिच्या सासरी हे चित्र द्यायचं, खाली पितळी पट्टीवर नाव कोरून. आणि आता त्यांना घाम फुटला होता. खाली पोरीचं नाव, वर तलवार! पाऊल ठेवायच्या आधीच ती भांडखोर ठरायची.

मी समजावलं, ही तलवार माणसावर नाही, अज्ञानावर चालते. ते म्हणाले, "ते तुम्हाला-मला ठाऊक. विहीणबाईंना कोण सांगणार?" माउंट खाली ओढा, असा त्यांचा हट्ट. माउंट म्हणजे काचेच्या आत चित्राभोवती बसवायची पुठ्ठ्याची चौकट. दाखवला ओढून. तलवार झाकली, पण सोबत देवाचं डोकंही गेलं.

"बुद्धीचा देव, आणि डोकंच नाही," मी वैतागले. "चित्र राहू द्या, पट्टीवरचं नाव बदला."

ते पटलं. वकीलच ते, शब्द लगेच सापडला. प्रज्ञा. म्हणजे बुद्धी, या देवाचीच. मी पट्टी कोरून बसवून दिली.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा दुकानात. विहीणबाईंना घरदार, शेजारपाजार, हुबळीतली अख्खी कमरीपेठ अक्का म्हणते. खरं नाव वकीलसाहेबांनी विचारलंच नव्हतं. ते निघालं प्रज्ञा.

लग्न मोडलं की काय, मी विचारलं.

"छे वो. पट्टीवरच्या नावावरनं बोट फिरवलं त्यांनी. मग म्हणाल्या, 'लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझं नाव पहिल्यांदाच भिंतीवर लागतंय.' डोळे पुसले, आणि नवऱ्याला म्हणाल्या, 'आता जरा वरच्या तलवारीकडं बघून बोलत जावा.'"

हल्ली नावाची पट्टी करायची असली की मी आधी विचारते, घरातल्या अक्कांचं खरं नाव काय? बहुतेकांना घरी फोन लावावा लागतो.