भरतीच्या विजेची बातमी

वडखळ नाक्यावर जितेश घरतचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप आणि पंखे आणायचे, तांब्याची तार नव्याने भरायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. मनातून मात्र तो लेखक. वीस वर्षांत त्याने निरनिराळ्या मासिकांना नऊ कथा पाठवल्या. एकाही संपादकाने साधी पोचसुद्धा दिली नव्हती.

मग तो मोबाइलवर लिहू लागला. पेणच्या आयटीआयमधले तिघे मित्र, त्यांचा एक ग्रुप होता. जितेश, धाटावच्या एका कंपनीत बॉयलर सांभाळणारा रूबेन पेणकर आणि रोह्यात डीटीपीचं दुकान चालवणारी प्रणिता. आडनाव पेणकर असून आपण रोह्याला राहतो, हा विनोद रूबेन स्वतःच दर आठवड्याला करायचा आणि स्वतःच हसायचा. शिफ्ट सुटली की तो कुठली तरी ऊर्जेची बातमी टाकायचा, कधी समुद्रातल्या पवनचक्क्या, कधी सौरपंप. जितेश त्याला आपली बनावट बातमी जोडायचा आणि प्रणिता तिचं शुद्धलेखन तपासायची.

त्या सोमवारी जितेशने लिहिलं, ‘धरमतर खाडीत भरती-ओहोटीवर वीज तयार होणार. काठावरच्या घरांना भरतीच्या वेळात वीज फुकट. ओहोटीला पंखा हाताने फिरवावा.’

प्रणिताला चेव आला. तिने पंख्याचं वाक्य काढून टाकलं, दोनदा ‘सदर’ घातलं, एकदा ‘अन्वये’ घातलं आणि मजकूर हुबेहूब सरकारी केला. रूबेनने खाली ओळ जोडली, ‘अर्जदारांनी आधार कार्ड व खाडीचे एक लिटर पाणी वडखळ नाक्यावरील रिवाइंडिंगच्या दुकानात जमा करावे.’ मग तिघंही पोट धरून हसली. रूबेनने ती बातमी आपल्या कंपनीतल्या एका मित्राला पाठवली. गंमत म्हणून, फक्त एकालाच.

बुधवारी सकाळी जितेश शटर उघडायला आला, तर पायरीवर काशीबाई बसलेली. मिठागरात राबून रापलेली, साठीची बाई. हातात गढूळ पाण्याची बाटली.

“ह्ये भरतीचं पानी हाय,” ती म्हणाली. “ओहोटीचं पायजे असंल तर सांजंला आनते.”

जितेशच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं म्हणून तो तोंड उघडतो तोच आणखी तिघं आली. दुपारपर्यंत टेबलावर सतरा जणांचं पाणी. एकाने तर पाच लिटरचा कॅन आणला, घरात माणसं जास्त म्हणून.

“बातमी कोनी लिवलीय रे? येकदम फक्कड हाय,” कॅनवाला म्हणाला.

जितेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं. उभ्या जन्मात त्याचं लिहिलेलं इतक्या माणसांनी वाचलं नव्हतं. ‘मी’ हा शब्द ओठांवर आला, तो त्याने कसाबसा गिळला. घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, ‘मेलो.’ प्रणिताचं उत्तर आलं, ‘पूर्णविराम दिलास, शाब्बास.’

अखेर गर्दी पांगल्यावर त्याने पायरीवरच थांबलेल्या काशीबाईला सगळं कबूल केलं. शिव्या खायची तयारी ठेवून मान खाली घातली.

“म्हंजे वीज नाय?”

“नाय, काकी. चुकलं माझं.”

काशीबाईने त्याला नीट न्याहाळलं. “पन तू लिवलेलं लोकांना खरं वाटतं, व्हय ना? मंग आमच्या बांधावरच्या खांबाचा अर्ज लिव. दोन वर्सं कलंडलाय मेला. वीज कवाच तोडलीय, पन तारा डोक्याला लागतात.”

जितेशने अर्ज लिहिला. प्रणिताने या वेळी एकही ‘सदर’ घातलं नाही. रूबेनने बांधावर जाऊन फोटो काढले, सुट्टीच्या दिवशी, शिक्षा म्हणून. उरलेल्या सोळा जणांच्या दारी जाऊन जितेशने माफी मागितली. कॅनवाल्याने तासभर बोल लावले आणि मग जेवायला बसवलं.

अर्ज कुणी वाचला की नाही, देव जाणे. पण अफवेची चौकशी करायला वीज कार्यालयाचे एक तरुण साहेब दुकानात आले, तेव्हा काशीबाई तिथेच होती. तिने साहेबांचा हात धरला तो थेट बांधावर नेऊन सोडला. वाकून चालताना साहेबांची टोपी तारेला अडकली. चौथ्या दिवशी खांब सरळ उभा.

तेव्हापासून दुकानात पंपांपेक्षा अर्जच जास्त येतात. रस्त्याचे, नळाचे, रेशनचे. जितेश चहावर लिहून देतो आणि खाली आपलं नाव नसलं तरी दोनदा वाचून खूश होतो.

परवा काशीबाई पुन्हा आली. टेबलाजवळ स्टूल ओढून बसली.

“येक अर्ज लिव. जावयाला.”

“जावयाला? काय लिहू?”

“पयलं लिव, सदर इसम माझ्या लेकीला स्वयंपाकात मदत करत नाय.”